गच्चीच्या स्लॅबला हलकं एससीसी, त्यात फायबर: कन्सल्टंट सांगतोय, घ्यावं का?

पार्लेकर_सेक्रेटरी | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला आमची तळ अधिक चार मजल्यांची सोसायटी. इमारत १९७८ची. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३बी कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, तसं आम्ही केलं. ऑडिटात आलं की जिन्यावरचा आणि पाण्याच्या टाकीखालचा गच्चीचा भाग बीमसकट तोडून नवा टाका. काही कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने काँक्रीटचा नवा थर.

कन्सल्टंटनी लिहून दिलंय: 'स्ट्रक्चरल लाइटवेट सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, एम २५, फायबरसह.' (सेल्फ-कॉम्पॅक्टिंग म्हणजेच एससीसी, एम २५ ही ताकदीची प्रत.) कारण विचारलं तर म्हणाले, खालचे कॉलम जुने आहेत, वजन कमी यायला हवं. शिवाय जुन्या सळयांना नव्या सळया जोडून इतकी दाटी होणार की व्हायब्रेटरची निडल आत शिरणार नाही, तेव्हा स्वतःहून पसरणारं काँक्रीटच हवं. इथवर डोक्यात शिरलं.

अडलं ते फायबरपाशी. कंत्राटदार म्हणतो, 'घनमीटरला २५ किलो स्टील फायबर टाकतो, स्लॅबची सळई कमी करू, तडा जाणार नाही आणि वॉटरप्रूफिंगचाही खर्च वाचेल.' एका वस्तूत एवढे सगळे फायदे ऐकले की बँकेत नोकरी केलेल्या माणसाला घाम फुटतो. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. कुणी जाणकार नीट सांगेल का?

लालबागचा_चाळकरी | रात्री १०:०५

साहेब, आमच्या गावच्या घराच्या भिंतीला चिखलात भाताचं काड तुडवून घालायचे, वाळताना भेग पडू नये म्हणून. हे तेच, फक्त जीएसटीसकट.

(जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.)

बीममोमेंट | रात्री ११:२०

चाळकरींनी गंमत केली, पण तत्त्व बरोबर सांगितलं.

सेक्रेटरी काका, तुमच्या कंत्राटदाराने तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्या आहेत. त्या सोडवून घेऊ.

फायबर म्हणजे तंतू. काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चं, हे तुम्ही ऐकलं असेल. ताण वाढला की आधी केसाएवढी भेग पडते, मग ती उघडत जाते. तंतू भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. भेग पडायच्या आधी ते जवळजवळ काहीच करत नाहीत. म्हणून क्यूब (काँक्रीटचा नमुना ठोकळा) दाबून फोडून पाहिलात तर फायबरवाला आणि बिनफायबरवाला यांच्या आकड्यात सांगण्यासारखा फरक येत नाही. फरक असा की बिनफायबरचा क्यूब फुटून ढलप्या उडतात, फायबरवाला फुटूनही एकत्र राहतो. क्यूबचा रिपोर्ट दाखवून कुणी फायबरचं बिल लावत असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवायला सांगा.

फायबरचा खरा कस बीमच्या चाचणीत लागतो. युरोपात ईएन १४६५१ नावाची पद्धत आहे: १५० मिमी चौकोनी छेदाचा बीम, ५०० मिमी अंतरावर टेकू, मधोमध खालून खाच पाडलेली. वरून दाब देत खाच किती उघडते ते मोजायचं. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ मिमी उघडल्यावर बीम किती ताण धरतो ते चार आकडे मिळतात. भेग पडल्यानंतरची उरलेली ताकद ती हीच. फिब या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संघटनेचा मॉडेल कोड २०१० सांगतो की सळईचं काही काम फायबरकडे द्यायचं असेल तर ०.५ मिमीवरचा आकडा भेग पडतानाच्या ताकदीच्या ०.४ पटीहून जास्त हवा, आणि २.५ मिमीवरचा आकडा ०.५ मिमीवरच्याच्या निम्म्याहून जास्त हवा. हे आकडे कंत्राटदाराने आणून दिले तर पुढे बोलता येईल. नाही दिले तर 'सळई कमी करू' हे वाक्य सभेच्या इतिवृत्तातसुद्धा येऊ देऊ नका.

कंत्राटदार_नाना | रविवार, सकाळी ७:५०

ताई, पुस्तकं आम्हीपण बघितलीत. भिवंडीला गोदामांच्या फ्लोअरला जाळी न टाकता नुसत्या स्टील फायबरवर काम केलंय, वरून फोर्कलिफ्ट फिरतात. काही झालं नाही. तिथे चालतं तर पार्ल्याला का नाही? सगळे कंत्राटदार चोर असं धरून चालू नका.

बीममोमेंट | सकाळी ८:३०

नाना, चोर कुणी म्हटलं नाही. गोदामाचा फ्लोअर जमिनीवर टेकलेला असतो. भेग पडली तरी खाली माती आहे, भार पसरतो. तिथे फायबर हा जाळीला पर्याय आहेच, रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी एसपी ४६ मध्येही त्याची रीत दिलेली आहे. गच्चीचा स्लॅब अधांतरी, त्याच्याखाली जिन्यातून शाळेची पोरं जातात. तिथे मुख्य सळई फायबरच्या भरवशावर काढायची तर वेगळं डिझाइन, वेगळ्या चाचण्या आणि सही करणारा इंजिनिअर हवा. तुमच्या भिवंडीच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

कंत्राटदार_नाना | सकाळी ८:४१

हे पटलं. अधांतरी स्लॅबला आम्हीपण सळई काढत नाही.

खडीमशीन | सकाळी १०:१५

मी आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटवर क्वालिटीला आहे, त्यामुळे माझा जीव पसरण्यात अडकलेला. काँक्रीट साइटवर पोचून पसरलंच नाही तर पुढची सगळी थिअरी गाडीतच राहते.

एससीसी म्हणजे काय ते आधी. जपानमध्ये १९८६ साली ओकामुरा या प्राध्यापकांनी ही कल्पना मांडली. तिकडे कुशल कामगार कमी पडत होते, व्हायब्रेटर नीट न चालवल्यामुळे बांधकामं लवकर खराब होत होती. म्हणून व्हायब्रेटर लागणारच नाही असं काँक्रीट. १९८८ला पहिलं जमलं. पुढे आकाशी काइक्यो पुलाच्या अजस्र अँकरेजला तेच वापरलं. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १०२६२च्या २०१९च्या आवृत्तीत एससीसीचं मिक्स कसं बसवायचं ते आहे, आणि चाचण्या आयएस ११९९च्या भाग ६ मध्ये.

एससीसीत खडी कमी, बारीक माल जास्त. सिमेंट आणि राख मिळून घनमीटरला ४०० ते ६०० किलो. वर पातळपणा आणणारं पॉलिकार्बोक्झिलेटचं केमिकल. ते काँक्रीट स्लंप कोनमधून (दोन्ही टोकं उघड्या शंकूच्या साच्यातून) पत्र्यावर सोडलं की ढिगासारखं न बसता पोळ्यासारखं पसरतं. वर्तुळाचा व्यास मोजायचा: ५५० ते ६५० मिमी आला तर एसएफ१, ६६० ते ७५० तर एसएफ२, त्याच्या वर एसएफ३.

आता यात फायबर टाका. ऐका, आकडे करून दाखवतो.

हुकवाला स्टील फायबर ३५ मिमी लांब, ०.५५ मिमी जाड घेतला तर एका किलोत साधारण १५ हजार तंतू येतात. २५ किलोत पावणेचार लाखांच्या वर. सगळ्यांचं मिळून पृष्ठभाग २३ चौरस मीटरच्या आसपास.

पॉलिप्रॉपिलीनचा बारीक फायबर, १२ मिमी लांब आणि ३० मायक्रॉन जाड, घनमीटरला फक्त ९०० ग्रॅम घेतला तर तंतू होतात अकरा-बारा कोटी, आणि पृष्ठभाग १३० चौरस मीटर.

म्हणजे एक किलोसुद्धा नसलेली प्लास्टिकची पिशवी २५ किलो स्टीलच्या पाचपट जास्त पृष्ठभाग ओला करायला मागते. तो ओलावा येणार कुठून? सिमेंटच्या चिखलातून. मग ७०० मिमी पसरणारा माल ६०० वर अडतो. साइटवरचा मुकादम काय करतो? पाइप धरतो आणि पाणी मारतो. संपला एम २५. पसरणं कमी झालं तर केमिकल वाढवायचं किंवा बारीक माल वाढवायचा, आणि तेही ट्रायलमध्ये ठरवून. गाडी गेटवर उभी असताना नाही.

स्टीलचं दुखणं निराळं. ते पृष्ठभागामुळे नाही, लांबीमुळे आणि ताठपणामुळे अडतं. सळयांच्या जाळीवर आडवे पडतात, त्यांच्यावर खडी अडते, मग मागे पुंजका आणि पुढे नुसतं सिमेंटचं दूध. एकदम ओतले तर गाडीच्या ड्रममध्येच गोळे होतात. ड्रम पूर्ण वेगात फिरवत थोडे थोडे सोडायचे, नंतरही चार-पाच मिनिटं वेग कमी करायचा नाही.

पार्लेकर_सेक्रेटरी | सकाळी ११:००

खडीमशीनसाहेब, हे पहिल्यांदाच कळलं. मी समजत होतो की २५ किलो वाईट आणि ९०० ग्रॅम किरकोळ.

माटुंग्याचा_एमटेक | दुपारी २:३०

धागा माझ्या प्रबंधाच्या विषयावर निघालेला बघून राहवलं नाही. वर एससीसी झालं, फायबर झालं, 'हलकं' राहिलं.

नेहमीचं काँक्रीट घनमीटरला २४०० किलो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या एसीआय २१३ प्रमाणे स्ट्रक्चरल लाइटवेट म्हणजे ११२० ते १९२० किलो आणि किमान १७ एमपीए ताकद. हलकेपणा येतो खडीतून. आपल्या काळ्या पाषाणाऐवजी भाजून फुगवलेल्या मातीचे गोळे, किंवा औष्णिक वीज केंद्राची राख भाजून केलेली खडी. राखेच्या खडीला आता आयएस ९१४२ भाग २ (२०१८) हे मानक आहे. मुंबईच्या कामाला तीच जास्त शक्य वाटते.

या खडीच्या आत पोकळ्या असतात. त्यातून तीन भानगडी.

एक, ती पाणी पिते. काळी खडी एक-दीड टक्का पिते, ही १० ते २० टक्के. कोरडी टाकलीत तर तुमच्या एससीसीचं पाणी ती गाडीतच पिऊन टाकेल, आणि पंपाच्या दाबाखाली आणखी. म्हणून आदल्या दिवशीपासून भिजवून ठेवायची. भिजवलेल्या खडीतलं पाणी पुढे आतून क्युरिंग करतं, हा फायदा.

दोन, ती तरंगते. साध्या काँक्रीटमध्ये खडी खाली बसते, इथे वर येते. व्हायब्रेटर लावला तर जास्तच. म्हणून हलकं आणि एससीसी ही जोडी मुळात शहाणपणाची आहे. पण एससीसी फार पातळ झालं तर व्हायब्रेटर नसतानाही खडी वर. आणि त्यात फायबर! स्टीलची घनता ७८५०, ते बुडणार. पॉलिप्रॉपिलीनची ९१०, ते चढणार. हलकी खडीही चढणार. मिश्रणाला पुरेसा चिकटपणा नसेल तर स्लॅबच्या वरच्या थरात काय आणि खालच्या थरात काय, याचा मेळ राहणार नाही. आम्ही उभा सिलिंडर भरतो, घट्ट झाल्यावर लांबीत चिरतो आणि वर-मधे-खाली खडी आणि तंतू मोजतो. लॅबमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी. तुमच्या ट्रायलला हे जरूर करून घ्या.

तीन, आणि फायबरची खरी गरज इथे आहे. नेहमीच्या काँक्रीटमध्ये भेग खडीला वळसा घालून जाते, कारण खडी सिमेंटपेक्षा कडक. भेगेचे दोन्ही काठ खडबडीत राहतात, एकमेकांत अडकतात, कातर (काठांना एकमेकांवरून सरकवणारा जोर) सोसतात. हलक्या खडीत भेग सरळ खडी चिरून जाते. काठ गुळगुळीत, अडकायला काही नाही. त्यामुळे हलकं काँक्रीट त्याच ताकदीच्या साध्या काँक्रीटपेक्षा जास्त ठिसूळ, कातरात कच्चं, आणि लवचिकता गुणांक साधारण अर्धा ते पाऊणपट, म्हणजे स्लॅब जास्त वाकणार. एसीआयच्या नियमात सगळाच माल हलका असेल तर ताणाशी निगडित ताकदीला ०.७५ ने गुणतात ते यामुळेच. खडी जे काठ धरायचं काम सोडून देते ते तंतू करतात. साध्या काँक्रीटला फायबर ही चैन असू शकते. हलक्याला बऱ्याचदा ती गरज असते.

बीममोमेंट | दुपारी ३:१०

'खडी जे काम सोडून देते ते तंतू करतात' हे प्रबंधात घाला. माझी एक पुस्ती: एससीसी वाहतं तेव्हा तंतू वाहण्याच्या दिशेला वळतात, नदीतल्या काटक्यांसारखे. शटरिंगच्या कडेने चिरलेला कोणताही नमुना बघा. बीम एका टोकाकडून भरलात तर तंतू लांबीत झोपतात आणि चाचणीचा आकडा झकास येतो. स्लॅबमध्ये मात्र माल चहूकडे पसरतो. त्यामुळे लॅबचा आकडा जशाचा तसा गच्चीवर लावू नये. माल कुठून ओतायचा, पाइप किती ठिकाणी हलवायचा हे कागदावर ठरवून घ्या. एका जागी उभं राहून दहा मीटरच्या पुढे वाहू देऊ नका, फायबर असेल तर त्याहूनही कमी.

दर्यावर्दी | संध्याकाळी ६:००

थोडं विषयांतर, बोट दिसली की राहवत नाही. पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती म्हणून अमेरिकेने काँक्रीटची जहाजं बांधली. त्यातलं 'सेल्मा' हे तेलवाहू जहाज १९१९ साली पाण्यात उतरलं, फुगवलेल्या शेलच्या हलक्या खडीचं. टेक्सासात गॅल्व्हस्टनजवळ आजही अर्धवट बुडालेलं पडून आहे. तेव्हा हलकं म्हणजे कमअस्सल, असं सभेत कुणी म्हणालं तर हे सांगा.

लालबागचा_चाळकरी | संध्याकाळी ६:१२

सभेत 'अर्धवट बुडालेलं' हा शब्द टाळा, एवढंच सुचवतो.

वर्सोव्याचा_वारा | रात्री ८:४५

मी इंजिनिअर नाही, पण भोगलेलं सांगतो. आमच्या कॉम्प्लेक्सच्या पोडियमला वरचा थर स्टील फायबरचा केला होता. समुद्र तीनशे पावलांवर. पहिल्याच पावसाळ्यानंतर पृष्ठभागावर तपकिरी ठिपके, जणू कुणी पानाची पिचकारी झटकली. ज्या कंपनीने काम केलं ती म्हणते, धोका नाही. खरंच नाही का? आणि दुसरं, काही तंतू वर डोकावतात. अनवाणी चाललं की टोचतात.

माटुंग्याचा_एमटेक | रात्री ९:२०

ठिपक्यांबद्दल कंपनीचं म्हणणं बरोबर आहे. सळई लांब आणि सलग असते, त्यामुळे एका टोकाला गंज आणि दुसऱ्या टोकाला त्याला पोसणारी जागा असा मोठा खेळ चालू शकतो. गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, उडतं. तंतू तुटक आणि बारीक, प्रत्येक जण आपल्यापुरता. वरचे काही मिलिमीटर गंजतात, आतले ठीक राहतात, ढलपी उडवण्याएवढा गंज होत नाही. पण भेग रुंद असेल तर तिच्यातले तंतू गंजून तुटू शकतात, आणि ज्या कामाला ते घातले तेच मग उरत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्या पृष्ठभागाला स्टीलपेक्षा जाड सिंथेटिक फायबर बरं, असं माझं मत. ते घनमीटरला साधारण तीन ते आठ किलो लागतं.

खडीमशीन | रात्री ९:३५

टोचण्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गच्चीवर संक्रांतीला पोरं अनवाणी पतंग उडवणार, मे महिन्यात कुरडया-पापड वाळत पडणार. आणि त्याहून महत्त्वाचं, वर वॉटरप्रूफिंगची मेम्ब्रेन अंथरणार असाल तर डोकावलेला प्रत्येक तंतू खालून तिला भोक पाडतो. 'फायबरमुळे वॉटरप्रूफिंग वाचेल' म्हणणाऱ्याने हे विचारात घेतलेलं दिसत नाही.

फायबरमुळे पाणी अडत नाही. भेगा बारीक राहिल्या तर गळती कमी होते, बस.

आणखी एक, कुणी बोललं नाही म्हणून. एससीसी स्वतःहून सपाट होतं. म्हणजे गच्चीला हवा असलेला उतार ते धरणार नाही! तुम्ही रंध्याने उतार काढाल, मागे वळाल, तोवर ते परत सपाट झालेलं असेल. स्लॅबला एसएफ१ एवढंच पसरणारं घ्या आणि उतार वरच्या थरात द्या.

पार्लेकर_सेक्रेटरी | रात्री १०:१०

उतार नसेल तर आमचं कल्याणच. २६ जुलै २००५ला शेजारच्या सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. तेव्हा या गच्चीच्या नाळी तुंबून जिन्यातून धबधबा आला होता.

पण 'वरच्या थरात उतार' म्हणजे परत कोबाच ना? कंत्राटदाराच्या दरपत्रकात नव्या स्लॅबवर चार इंच ब्रिकबॅट कोबा आहेच.

बीममोमेंट | रात्री १०:५५

थांबा, थांबा. चार इंच कोबा?

काका, हा हिशोब तुम्हीच करा, ताळेबंद तुम्हाला चांगला येतो.

स्लॅब १२५ मिमी जाड धरू. साधं काँक्रीट सळईसकट घनमीटरला २५००, म्हणजे चौरस मीटरला ३१२ किलो. हलकं, सळईसकट १९५० धरलं तर २४४ किलो. एवढा सगळा खटाटोप करून चौरस मीटरला वाचले सत्तर किलोच्या आत-बाहेर. आता त्यावर १०० मिमी कोबा. विटांचे तुकडे, रेती, सिमेंट, घनमीटरला १८०० धरले तरी १८० किलो. म्हणजे जे कमावलं त्याच्या अडीचपट वर ठेवलं!

आणि बाकीच्या गच्चीवर? १९७८ पासून दर गळतीला एकेक थर वाढवला असेल. मुंबईत जुन्या गच्च्यांवर कोबा, त्यावर चायना मोझॅक, त्यावर आणखी कोबा असे थर निघतात. वजन कमी करणं हा खरा हेतू असेल तर पहिला घाव तिथे पडायला हवा. नव्या भागावर हलक्या खडीचाच पातळ उताराचा थर, त्यावर मेम्ब्रेन आणि संरक्षक थर.

कंत्राटदार_नाना | रात्री ११:०५

ताईंचं बरोबर आहे. कोबा दरपत्रकात सवयीने येतो. आमचंही तसंच आहे, उगाच कशाला लपवू. पण जुना कोबा फोडायचा तर डेब्रिज खाली आणायचा खर्च धरा, गोण्या भरून जिन्याने. आणि सगळा एकदम फोडू नका, पावसाआधी जेवढा झाकता येईल तेवढाच.

पार्लेकर_सेक्रेटरी | सोमवार, रात्री ९:००

आज कन्सल्टंटांशी बोललो. तुमचे प्रश्न छापूनच नेले होते. कोब्यावर त्यांनी लगेच होकार दिला, स्वतःच्या पत्रात ते का नव्हतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही ताणलं नाही. फायबर कोणतं, यावर ते म्हणाले, 'स्टील ३५ मिमी सुचवत होतो, पण ड्रॉइंग बघून ठरवा.' बीमचा तपशील इथे देतो: नऊ इंची बीम, खाली २० मिमीच्या चार सळया, ८ मिमीच्या रिंगा, कव्हर २५.

बीममोमेंट | रात्री ९:४५

उत्तर तुमच्या तपशिलातच आहे. रुंदी २३०. दोन्हीकडचं कव्हर ५० आणि रिंगा १६ वजा केल्या, उरले १६४. चार सळयांचे ८० गेले, उरले ८४. तीन फटी, प्रत्येकी २८ मिमी. ३५ मिमीचा ताठ तंतू २८च्या फटीवर आडवा पडला की तिथे बांध तयार. खालचं कव्हर पोकळ राहील आणि शटरिंग काढेपर्यंत कुणाला कळणारही नाही. एससीसी घेतलं होतं दाटीसाठी, आणि दाटीतच ते अडणार.

माझा ठोकताळा: तंतूची लांबी मोकळ्या फटीच्या निम्म्याच्या वर नको. म्हणजे इथे १४ मिमी. स्लॅब आणि बीम एकाच वेळी, एकाच मालाने भरणार, त्यामुळे बीमला जे चालेल तेच स्लॅबला. खडीही मोठी नको, दहा-बारा मिमीपर्यंतच.

मग उरतो १२ मिमीचा पॉलिप्रॉपिलीन. त्याच्याकडून काय मिळतं ते स्पष्ट असू द्या. काँक्रीट ओलं असताना, पहिल्या काही तासांत वरून पाणी उडून ज्या भेगा पडतात त्या तो आवरतो. एससीसीत बारीक माल जास्त आणि वर सुटणारं पाणी कमी, त्यामुळे या भेगांचा धोका जास्त. ऑक्टोबरचं ऊन किंवा मेमधला दुपारचा वारा असेल तर आणखी. घट्ट झाल्यानंतरच्या भेगांना हा बारीक तंतू फारसा पुरत नाही. ते काम सळईचं. म्हणून सळई एक ग्रॅमही कमी नाही, आणि कातरासाठी रिंगांचं अंतर हलक्या काँक्रीटच्या हिशोबाने परत तपासून घ्या.

माटुंग्याचा_एमटेक | रात्री १०:००

सहमत. फक्त पॉलिएस्टरचा तंतू 'सारखाच असतो' म्हणून खपवला जातो, तो घेऊ नका. सिमेंटच्या अल्कलीत पॉलिएस्टर कालांतराने झिजतं. साध्या काचेच्या तंतूचंही तेच, काच घ्यायचीच तर झिर्कोनियावाली अल्कली-रोधक. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

वर्सोव्याचा_वारा | रात्री १०:२०

प्लास्टिकचा तंतू आगीत जळला तर? जिन्यावरचाच स्लॅब आहे.

माटुंग्याचा_एमटेक | रात्री १०:३२

उलट तोच आगीत मदत करतो. १६० अंशांच्या आसपास वितळतो, त्याच्या जागी बारीक नळ्या उरतात, आतली वाफ त्यातून निसटते आणि काँक्रीटच्या ढलप्या स्फोट होऊन उडत नाहीत. युरोकोड २ मध्ये उच्च ताकदीच्या काँक्रीटला यासाठी घनमीटरला दोन किलोच्या वर पॉलिप्रॉपिलीन हा एक उपाय दिलेला आहे. तुमचं एम २५, तेवढी निकड नाही. पण हलकी खडी ओली असेल तर वाफ जास्त, म्हणून टाकी-जिन्याचा स्लॅब नीट सुकू देणं बरं.

लालबागचा_चाळकरी | रात्री १०:४०

ज्याला मी भाताचं काड म्हणालो तो वितळून वाफेला वाट देतो. काडाने एवढं केलं नव्हतं, शब्द मागे घेतो.

कंत्राटदार_नाना | मंगळवार, सकाळी ८:१०

जॅकेटिंगचं कुणी बोललं नाही. तिथेही एससीसीच लिहिलंय ना? त्यात फायबर टाकू नका असं माझं म्हणणं. जुन्या कॉलमभोवती तीन-चार इंचाची जागा, त्यात सळया, रिंगा, शिअर कनेक्टर (जुनं-नवं काँक्रीट बांधणारे खिळे). नुसता माल उतरला तरी नशीब. आणि शटरिंग पक्कं हवं. एससीसी पाण्यासारखा दाब देतं, फट असेल तर सगळं दूध बाहेर.

खडीमशीन | सकाळी ८:२५

नानांना +१. साधं एससीसी तीन मीटर उंच भरलं तर तळाशी चौरस मीटरला सात टनांच्या आसपास दाब. कॉलम दोन टप्प्यांत भरा.

पार्लेकर_सेक्रेटरी | मंगळवार, रात्री ९:१५

तर सभेपुढे मी असं ठेवणार: स्लॅब-बीम हलक्या एससीसीत, १२ मिमीचा पॉलिप्रॉपिलीन ९०० ग्रॅम, सळई ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण. चार इंची कोबा रद्द. जॅकेटिंगला फायबर नाही. आणि कामाआधी ट्रायल, सिलिंडर चिरून. कन्सल्टंट सही करायला तयार आहेत.

एकच अडलं. ट्रायलमध्ये माल फटीतून जातो की नाही हे आम्ही सामान्य माणसांनी डोळ्यांनी कसं बघायचं?

खडीमशीन | रात्री ९:४०

जे-रिंग. फॅब्रिकेटरकडून एका दुपारी करून मिळते: ३०० मिमी व्यासाचं कडं, त्याला १०० मिमी उंचीच्या, १६ मिमीच्या सोळा सळया समान अंतरावर उभ्या. मधे स्लंप कोन ठेवून माल सोडायचा. एकदा रिंग लावून, एकदा न लावता, दोन्ही वर्तुळांचे व्यास मोजायचे. फरक २५ मिमीच्या आत असेल तर माल मोकळा जातोय. ५०च्या वर गेला तर अडतोय, गाडी परत पाठवायची. पण त्या सळयांमधली मोकळी फट ४३ मिमीची पडते आणि तुमची २८ची, म्हणून तुमच्या रिंगला सळया वाढवून घ्या. बावीस लावल्यात तर फट २७च्या आत-बाहेर येते. २५-५०चे आकडे तिला जसेच्या तसे लागणार नाहीत, पण सळयांच्या आत पुंजका आणि बाहेर नुसतं दूध दिसतंय का, ते तुम्हाला उभ्या-उभ्या कळेल.

पार्लेकर_सेक्रेटरी | रात्री ९:५२

बावीस सळयांची रिंग, लिहून घेतलं. उद्या सकाळी स्टेशनजवळच्या फॅब्रिकेटरकडे जातो.

कंत्राटदार_नाना | रात्री १०:०३

वेल्डिंग आतून घासून घ्यायला सांगा, नाहीतर माल त्या गाठींवर अडेल आणि दोष मिक्सला लागेल.